बीफ मऊ का शिजत नाही? आधी तुकडा बघा, मसाला नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून म्युनिकला आलात. तुम्हा दोघांनाही बीफ आवडतं, पण दोघांच्याही घरी ते कधी शिजलेलं नाही, त्यामुळे विचारायला कुणी नाही. सुपरमार्केटमधून 'गुलाश' (रश्श्यासाठी कापलेले तुकडे) असं लिहिलेलं पाकीट आणलंत, मटणाला लावता तसं आलं, लसूण, हळद, मीठ लावलंत आणि कुकरला पाच शिट्ट्या दिल्यात. चिवट निघालं. आणखी पाच दिल्यात, तर तुकडे बोटाने मोडायला लागले, पण तोंडात भुसा. शेजारच्या मल्याळी बाईंचं मात्र दर रविवारी लोण्यासारखं मऊ. 'मसाल्यात माझं काय चुकतंय?' असं तुम्ही विचारता.

मसाल्यात काहीही चुकलेलं नाही. चुकलं ते पाकिटात. मी मूळची वसईची, लग्नानंतर गोव्यात आले आणि लग्नकार्यांची ऑर्डर घेऊन स्वयंपाक करणं हा माझा धंदा. मोठ्याचं, म्हणजे बीफ, शिजवायला शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिले काही दिवस मसाल्याच्या डब्याला हात लावू देत नाही, खाटकाकडे पाठवते. आपण बकऱ्याचं मटण 'मिक्स' घेतो: थोडी चाप, थोडी मांडी, दोन नळ्या, एखादा कलेजीचा तुकडा. सगळं एका पातेल्यात जातं आणि बऱ्यापैकी एकाच वेळी शिजतं, कारण जनावर लहान असतं. पाच-सहाशे किलोच्या जनावराचं तसं नसतं. त्याच्या पोटरीचं मांस आणि कमरेच्या आतलं मांस ही स्वयंपाकाच्या दृष्टीने दोन वेगळी जनावरं समजा. एकाला तीन तास लागतात, दुसरं तीन मिनिटांत होतं, आणि अदलाबदल केली तर दोन्ही वाया जातात.

कारण समजून घेतलं की पाककृती पाठ करायची गरज उरत नाही, म्हणून तेवढं सांगते. मांसात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे स्नायूंच्या रेषा, ज्यांत पाणी असतं. दुसरी म्हणजे त्या रेषांना बांधून ठेवणारं पांढरट, चिकट जाळं. त्यातला मुख्य पदार्थ कोलॅजन. मांस तापत साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेलं की रेषा आकसतात आणि ओलं फडकं पिळावं तसं पाणी बाहेर टाकतात. कोलॅजनही आधी आकसतं, आणि मग सत्तर-ऐंशी अंशांच्या वर हळूहळू, तासांच्या हिशेबात, विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप थंड झाल्यावर थिजतं ते या जिलेटिनमुळेच. म्हणजे शिजताना मांस आधी घट्ट होतं आणि नंतर मऊ. पहिल्या पाच शिट्ट्यांनंतर तुम्ही झाकण उघडलंत ते नेमकं या घट्ट टप्प्यावर.

मग दुसऱ्या पाच शिट्ट्यांनी मऊ का नाही झालं? कारण तुमच्या पाकिटात कोलॅजनच बेताचं होतं. गुलाशच्या पाकिटात खांद्याचं मांस असू शकतं आणि मागच्या मांडीचंही. मांडीचं स्वस्त पडतं आणि दिसायलाही छान, लालभडक, चरबीशिवाय. आपल्याला लहानपणापासून 'चांगलं मांस म्हणजे चरबी नसलेलं' असं वाटत आलेलं असतं, म्हणून हात तिकडेच जातो. मांडीच्या मांसातल्या रेषांनी पाणी सोडलं आणि ती जागा भरून काढायला जिलेटिन नाही, चरबी नाही. उरतो तो धाग्यांचा भुसा. पोटरीचं मांसही तेवढंच पाणी सोडतं, पण त्याच्या प्रत्येक धाग्याभोवती जिलेटिनचा लेप बसतो आणि जिभेला ते रसाळ लागतं. तुमच्या शेजारणीकडे बहुतेक खांद्याचं किंवा पोटरीचं मांस असणार. एकदा तिच्याबरोबर बाजारात जा, माझ्या या उत्तराइतकाच उपयोग होईल.

आता जर्मन दुकानात काय मागायचं ते सांगते. रस्सा, सुकं, बिर्याणी, जे काही तासभर किंवा जास्त शिजणार आहे, त्यासाठी 'वाडे' म्हणजे पोटरी. हाडासकट आडवे गोल काप मिळतात, त्यांना 'बाइनशाइबे' म्हणतात. मधोमध नळी असते आणि तिच्यात मगज. आपल्या रश्श्याला याच्याइतकं चांगलं मांस नाही, आणि सहसा स्वस्तही मिळतं, कारण पुष्कळ लोक ते फक्त सूपसाठी घेतात. दुसरा क्रम 'शुल्टर', म्हणजे खांदा. तिसरा 'ब्रुस्ट', छातीचं. याला चरबीचा थर असतो, तो सगळा काढू नका. शेपटी ('ओक्सेनश्वान्त्स') आणि गालाचं मांस मिळालं तर सोडू नका, पण ती हल्ली महागात विकली जातात. पटकन परतायच्या पदार्थांसाठी 'ह्यूफ्टे' म्हणजे कंबरेचा मागचा भाग, किंवा फिले, ज्याला आपल्याकडे मुंबई-गोव्यात अंडरकट म्हणतात. अंडरकट रश्श्यात घालणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. आणि 'ओबरशाले', म्हणजे मांडीची आतली बाजू, ही रोलाड (सारण भरून गुंडाळलेले काप) आणि पातळ कापांसाठी. चौकोनी तुकडे करून कुकरमध्ये घालायची ती वस्तू नाही.

कातरलेलं मांस घेण्यापेक्षा अखंड तुकडा घ्या आणि घरी कापा. दुकानातले तुकडे लहान असतात. रश्श्यासाठी मला कच्चे तुकडे चांगले दीड-दोन इंची लागतात, शिजून ते बरेच आकसतात. बीफ शिजल्यावर वजनात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त घटतं, म्हणून चौघांसाठी बिनहाडाचं किलोभर धरा. वरचा चंदेरी, चकाकणारा जाड पापुद्रा असेल तर सुरीने सोलून काढा, तो लवकर विरघळत नाही. रेषांमधलं पारदर्शक, चिकट जाळं मात्र तसंच राहू द्या. नवीन माणसं नेमकं तेच वेचून काढत बसतात.

आणखी एक फरक तुमच्या लक्षात आला नसेल. आपल्याकडच्या पाककृती, मग त्या गोव्याच्या असोत, केरळच्या की भिवंडीच्या, बहुधा वयस्क जनावराच्या मांसावर बसवलेल्या असतात, आणि ते बऱ्याचदा त्याच सकाळी कापलेलं असतं. महाराष्ट्रात तर ते म्हशीचं किंवा रेड्याचं. त्याचा रंग गडद, धागा जाड, चरबी पांढरीशुभ्र आणि कमी. तुमच्याकडचं जनावर बहुतेक वेळा दीड-दोन वर्षांचं असतं आणि मांस काही दिवस थंडीत टांगून मुरवलेलं. म्हणून माझ्या आईच्या पद्धतीत जिथे पपईचा गर लावून रात्रभर ठेव असं येतं, तिथे तुम्ही पपई वगळा. कच्च्या पपईतला पेपेन, म्हणजे मांस विरघळवणारा पदार्थ, शिजताना पन्नास ते सत्तर अंशांच्या दरम्यान भयंकर जोरात काम करतो आणि कोवळ्या मांसाचा वरचा थर पिठासारखा करून टाकतो. आत मात्र तो फारसा जातच नाही. जुन्या रेड्याच्या मांसाला पपई ठीक आहे, तीही किलोला चमचाभर आणि अर्धा तास.

खरं काम करतं ते मीठ. किलोला दहा-बारा ग्रॅम, म्हणजे सपाट दोन लहान चमचे, आदल्या रात्री लावून फ्रिजमध्ये ठेवा. हळद, आलं-लसूण पृष्ठभागावरच राहतात. मीठ आत उतरतं आणि शिजताना पाणी धरून ठेवायला मदत करतं. व्हिनेगरनेही मांस फारसं मऊ होत नाही, चव बदलते. गोव्यात आम्ही ते चवीसाठीच घालतो.

कुकरबद्दल. शिट्टी हे वेळेचं माप नाही. तुमची शेगडी, कुकरचा आकार, आत पाणी किती, यावर दोन शिट्ट्यांमधलं अंतर बदलतं. इंडक्शनवर मोठ्या आचेला पाच शिट्ट्या सात-आठ मिनिटांतही होतात. पूर्ण दाब आल्यावर आच कमी करा आणि घड्याळ लावा: पोटरीच्या मोठ्या तुकड्यांना चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं, खांद्याला तीस ते पस्तीस, शेपटीला तासभर. तिथले जर्मन कुकर शिट्टी मारत नाहीत, दांड्यावर कड्या वर येतात. दुसरी कडी दिसली की वेळ मोजायला लागा. दाब आपोआप उतरू द्या. वाफ एकदम सोडली की आतला रस उकळून बाहेर पडतो आणि तुकडे फाटतात.

तरी घाई नसेल तर मी जाड बुडाचं पातेलंच सुचवेन. कुकरमध्ये पाणी आटत नाही, त्यामुळे रस्सा पातळ राहतो आणि चव पसरट लागते. पातेल्यावर ताट झाकून ताटात पाणी ठेवायची आपली जुनी युक्ती इथे फार उपयोगी आहे. वरच्या गार पाण्यामुळे आतली वाफ पुन्हा खाली टपकते, आणि रस्सा कमी झालाच तर वर तापलेलं पाणी हाताशी असतं. रटरटू द्यायचं नाही. मधूनच एखादा बुडबुडा यावा एवढीच आच.

आता पोटरीचा रस्सा, सविस्तर. बाइनशाइबेचे चार जाड काप घ्या, हाडासकट साधारण दीड किलो होतील. मीठ लावून ठेवलेलं मांस कागदाने कोरडं पुसा. ओल्या मांसाला रंग येत नाही, कारण पाणी उडून जाईपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जातच नाही आणि खमंगपणा यायला एकशेचाळीसच्या आसपास जावं लागतं. जाड पातेल्यात दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवा, एका वेळी दोनच काप घाला आणि हलवू नका. तीन-चार मिनिटांनी खालची बाजू बदामी होईल, मग उलटा. सगळे काप एकदम कोंबले तर ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात आणि राखाडी होतात. आपल्या बहुतेक घरांत 'मटण परततो' म्हणतात ते हेच असतं. काप बाजूला काढा. त्याच तेलात तीन कांदे बारीक चिरून, बुडाला लागलेलं सगळं उलथन्याने खरवडत सोनेरी करा. मग आलं-लसणाचं वाटण मोठे दोन चमचे, हळद, मांस परत आत, आणि कढत पाणी मांसाच्या डोक्यापर्यंत येईल एवढंच. तमालपत्राची दोन पानं. झाकण. आता अडीच तास विसरून जा.

तेवढ्यात वाटण. अर्धी वाटी सुकं खोबरं किसून कोरडं भाजा, तांबूस झालं पाहिजे. एक मोठा कांदा उभा चिरून थेंबभर तेलावर अगदी गडद होईपर्यंत भाजा. दोन मोठे चमचे धणे, सहा-सात बेडगी मिरच्या, दहा-बारा काळी मिरी, पाच लवंगा, बोटभर दालचिनी, अर्धा चमचा जिरं, सगळं मंद आचेवर गरम करून कांद्या-खोबऱ्याबरोबर गंधासारखं वाटा. वसईच्या ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती) घरांत भाजल्या खोबऱ्याच्या अशा रश्श्याला खुडी म्हणतात, आणि तिथे कोरड्या मसाल्यांच्या जागी बाटली मसाला पडतो. पावसाच्या आधी उन्हात वाळवून, भाजून, कांडून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरलेला मसाला, म्हणून ते नाव. तुमच्याकडे कांदा-लसूण मसाला असेल तर तोही चालेल, मिरच्या कमी करा. गोडा मसाला नको, असं माझं मत. त्यातलं दगडफूल आणि बीफची चव एकमेकांना दाबतात.

मांसात सुरीचं टोक न अडकता गेलं की वाटण घाला. आधी नाही. खोबरं तीन तास उकळलं की तेल सोडून चोथा होतं आणि कुकरमध्ये असेल तर हमखास बुडाला लागतं. वाटणाबरोबर बटाट्याच्या फोडी घाला आणि आणखी पस्तीस-चाळीस मिनिटं मंद ठेवा. आंबट अगदी शेवटी: दोन-तीन आमसुलं किंवा चमचाभर व्हिनेगर. आंबटात बटाटा शिजत नाही, दडस राहतो, म्हणून हा क्रम पाळा. नळ्यांतला मगज ताटात काढून द्या, त्याच्यावरून भांडणं होतील.

दुसरा पदार्थ चिली फ्राय, कारण तुम्ही मडगावला खाल्लेलं परत करायचं म्हणालात. याच्या दोन जाती आहेत आणि लोक त्या मिसळतात. गोव्यातल्या घरातली जुनी पद्धत म्हणजे मांसाचा अखंड तुकडा आलं-लसूण, मिरी, मीठ लावून आधी मऊ शिजवायचा, गार करायचा, पातळ काप किंवा तुकडे करायचे, आणि मग भरपूर उभा कांदा, हिरव्या मिरच्या, आलं यांच्याबरोबर परतायचं. शिजवलेलं पाणी टाकायचं नाही, तेच थोडं थोडं घालून आटवायचं म्हणजे कापांवर चकाकी येते. यासाठी खांदा उत्तम. दुसरी पद्धत अंडरकट किंवा ह्यूफ्टेची, झटपट. ह्यूफ्टेचा तुकडा तासभर फ्रीजरमध्ये ठेवून अर्धवट कडक करा, म्हणजे पातळ कापता येतो. रेषा कुठल्या दिशेने जातात ते बघा आणि सुरी त्यांना आडवी चालवा. लांब धागे चावायचं काम दातांऐवजी सुरीने करायचं, एवढाच त्यामागचा विचार. पाव किलोला पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटं ठेवला, धुतला आणि पुसून कोरडं केलं, की काप शिजताना आकसत नाहीत; चायनीज हॉटेलांतलं बीफ असं मऊ असण्याचं हेही एक कारण. मग लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवा, काप दोन हप्त्यांत, प्रत्येकी मिनिट-दीड मिनिट, आणि बाहेर. त्याच तव्यात कांदा, मिरच्या, हवी तर ढोबळी, टोमॅटोच्या दोन फोडी. कांदा करकरीत असतानाच व्हिनेगर आणि मिरपूड, काप परत आत, दोनदा हलवून उतरवा. पाव हवा, पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) मिळाली तर बहार. तुमच्याकडे 'ब्रोट्शन' म्हणजे छोटे पाव मिळतात, त्यांवर भागवा.

व्हिनेगरवरून एक धोक्याची सूचना. गोव्याचं माडाचं व्हिनेगर सौम्य असतं. जर्मनीत साधं व्हिनेगर पाच-सहा टक्के आम्लाचं मिळतं, ते चालेल, प्रमाण थोडं कमी ठेवा. पण त्याच फळीवर 'एस्सिगएसेन्त्स' नावाची स्वस्त बाटली असते, ती पंचवीस टक्के आम्लाची. तिचा चमचा तसाच पदार्थात गेला तर जेवण फेकावं लागेल, आणि चाखलीत तर तोंड पोळेल.

रोलाडबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जर्मनीत बसून ते न करणं चूक होईल. तिथे ओबरशालेचे लांब, पातळ काप 'रोलाडेन' म्हणून तयारच मिळतात. जर्मन माणूस त्यावर मोहरीची पेस्ट लावतो, बेकन, कांदा आणि काकडीचं लोणचं ठेवून गुंडाळतो. गोव्यात आम्ही व्हिनेगरमध्ये वाटलेला लाल मसाला लावतो, आत गाजराची कांडी, बेकन किंवा चोरीसाचा (गोव्याच्या डुकराच्या सॉसेजचा) तुकडा, कुणी उकडलेलं अंडंही ठेवतं, आणि दोऱ्याने बांधून परततो, मग जेमतेम पाण्यात दीड-दोन तास झाकून शिजवतो. मांडीचं मांस असूनही हे कोरडं लागत नाही, कारण काप पातळ असतो, धागे आखूड पडतात आणि आतलं सारण ओलावा देतं. दोरा काढायला विसरू नका. गार झाल्यावर कापलं तर आतली चक्रं सुबक दिसतात, म्हणून लग्नात आम्ही आदल्या दिवशीच करून ठेवतो.

आणि तो भुसा झालेला ऐवज फेकला नसेल तर त्याचे क्रोकेट करा. गोव्यात कुठल्याही लग्नात पहिल्या तबकात फिरतात ते हेच. शिजलेलं मांस मिक्सरमधून जाडसर काढा, परतलेला कांदा, हिरवी मिरची, आलं, गरम मसाला, भिजवून पिळलेल्या पावाचे दोन काप आणि एक अंडं घालून मळा. बोटाएवढे वळा, अंड्यात बुडवून रव्यात घोळवा, तळा. इथे कोरडं मांस उलट सोयीचं पडतं. ओलं असेल तर क्रोकेट तेलात सुटतात.

खिम्याचं पाकीट घेताना 'रिंडरहाक' हेच शब्द वाचा. शेजारीच 'गेमिश्टेस हाक' असतो, त्यात डुकराचं मांस मिसळलेलं असतं. ज्यांना चालत नाही अशा पाहुण्यांना ते अनवधानाने वाढलं जाऊ नये. खिमा आणला त्याच दिवशी करा किंवा गोठवा, आणि आतपर्यंत पूर्ण शिजवा, सत्तर अंशांच्या वर. अखंड तुकड्यावर जंतू बाहेरच्या बाजूला असतात आणि भाजताना मरतात. खिम्यात बाहेरची बाजू सगळीकडे मिसळलेली असते. हॉटेलातलं स्टेक आतून लाल खाल्लं म्हणून घरचा खिम्याचा कबाब आतून लाल ठेवायचा नाही.

रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, म्हणून शनिवारी करा आणि रविवारी खा. पण पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. उथळ भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी वर चरबीचा पांढरा थर बसलेला असेल. निम्मा काढून टाका, निम्मा राहू द्या, तर्री त्यातूनच येते. काढलेल्या चरबीत बटाटे तळून बघा. बीफची चरबी लवकर थिजते आणि टाळूला चिकटते, म्हणून ताटं आधी कोमट करून वाढा. हिवाळ्यात तर नक्कीच.

सासूबाई उन्हाळ्यात येणार आहेत आणि त्यांना चालत नाही, असंही लिहिलंयत. लपवाछपवी करू नका, ती टिकत नाही. त्यांच्यासाठी वेगळं पातेलं, कढई, सुरी आणि पाट आधीच बाजूला काढा, बिडाचं भांडं त्यांच्या स्वयंपाकाला वापरू नका कारण त्यात वास मुरतो, आणि फ्रीजरमधले डबे नाव लिहून एका कप्प्यात ठेवा. त्या असेपर्यंत घरात शिजवायचं की नाही हा तुमचा प्रश्न. मी असते तर महिनाभर बाहेर खाल्लं असतं.

शेवटचा मुद्दा, सुट्टीत पुण्याला याल तेव्हाचा. महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी १९७६ च्या कायद्याने आली, आणि मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. परराज्यात कायदेशीरपणे कापलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम मात्र रद्द केलं, आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यामुळे पुण्या-मुंबईत बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं. वरच्या रश्श्याला तेही छान, फक्त पातेल्यात तासभर जास्त धरा, आणि पपई तिथे कामाला येईल. गोव्यातही गाय चालत नाही. बैल आणि रेडे पशुवैद्यकाच्या दाखल्याने, आणि बराचसा माल कर्नाटकातून येतो. तिथे २०२१ च्या सुरुवातीला गोवंशहत्याबंदीचा नवा कायदा लागू झाला तेव्हा आम्हाला ऑर्डरी डुकरावर आणि कोंबडीवर वळवाव्या लागल्या होत्या. जर्मनीहून येताना कॉर्न्ड बीफचे डबे वगैरे बॅगेत घालू नका, भारतात बीफ आणायला मनाई आहे. परत जाताना बाटली मसाला आणि माडाचं व्हिनेगर न्या. बाटली दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, बूच चिकटपट्टीने बंद करून, सामानाच्या बॅगेत.